पाण्याच्या रेघेवरून

तुदेला गावाजवळच्या एल बोकालच्या बंधाऱ्यापाशी सायकल कालव्याच्या काठावर घेतली, की तासाभरातच या खोऱ्याची सगळी गोष्ट डोळ्यांसमोर उलगडते. डाव्या हाताला, नदीच्या अंगाला, कांद्याचे वाफे, आर्टिचोकची रुपेरी झाक असलेली पाने आणि पॉप्लरच्या रांगा. उजव्या हाताला पांढुरकी, भुसभुशीत टेकडी. तिच्यावर रोझमेरीची खुरटी झुडपे, आणि तीही एकमेकांपासून चार हात लांब. मध्ये कालवा. हिरवे आणि पांढरे यांच्यात तेवढेच अंतर. खडूने रेघ ओढावी तसे एका बाजूला पिकते आणि दुसऱ्या बाजूला उन्हात भाजत राहते.

हे पुस्तक त्या रेघेबद्दल आहे. स्पेनच्या ईशान्येला एब्रो नदीचे मधले खोरे आहे. त्यातून सायकलने जाण्याच्या वाटा या पुस्तकात दिल्या आहेत. कुठे वळायचे, कुठे मुक्काम करायचा, चढ किती, हे पुढच्या प्रकरणांत येईलच. पण खोरे कोरडे का आहे आणि त्यातल्या वाटा कोणी आखल्या, हे कळल्याशिवाय नकाशा हातात घेतला तर तिथे नुसते ऊन दिसेल. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

एब्रो ही काही लहानसहान नदी नाही. कांताब्रियाच्या डोंगरांत फोंतिब्रेला उगम पावून सुमारे 930 किलोमीटर वाहत ती भूमध्य समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत स्पेनमध्येच वाहणारी ही सर्वांत लांब नदी. ग्रीकांच्या तोंडी असलेल्या तिच्या नावावरूनच सबंध द्वीपकल्पाला ‘आयबेरिया’ म्हणू लागले, असे मानतात. पण या नदीच्या काठच्या झारागोझा शहरात वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम 320 मिलिमीटर. (तिथले लोक शहराचे नाव ‘थारागोथा’ असे उच्चारतात, स्टेशनवर चौकशी करताना उपयोगी पडेल.) नदी मोठी आणि तिचेच खोरे तहानलेले, हा विरोध समजून घ्यायचा तर चारही दिशांचे डोंगर पाहावे लागतात. उत्तरेला पिरेनीज, वायव्येला कांताब्रियाचे डोंगर, दक्षिणेला आयबेरियन रांग आणि पूर्वेला समुद्राआड उभी असलेली कातालान किनारी रांग. ढग कुठूनही आले तरी वाटेत डोंगरावरच रिते होतात. नदीचे पाणी दुसऱ्यांच्या पावसाचे आणि दुसऱ्यांच्या बर्फाचे. खोरे ते पाणी फक्त जाताना बघते.

आणखी मागे गेले तर हे डोंगर म्हणजे एका परातीचा काठ होता. या खोऱ्यातून समुद्राला वाटच नव्हती. पाणी आत यायचे, साचायचे, उन्हाने आटायचे आणि खाली जिप्सम नि मीठ सोडून जायचे. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी पूर्वेची कड फुटली आणि नदीला भूमध्य समुद्र सापडला. त्या आटलेल्या पाण्याचा गाळ आज सायकलच्या चाकाखाली येतो. उन्हात चमचमणारे पांढरे खडे म्हणजे जिप्सम. रेमोलिनोस गावात टेकडीच्या पोटातून मीठ काढतात. बुहारालोथ आणि सास्तागोच्या मधल्या माळावर खारी तळी आहेत. उन्हाळ्यात ती सुकली की तळाशी पांढरा थर तेवढा उरतो. याचा प्रवाशाशी थेट संबंध आहे. इथला प्रत्येक झरा पिण्याजोगा नसतो. रानातल्या नळावर ‘नो पोताब्ले’ असे लिहिलेले असेल तर तहान कितीही लागलेली असो, पुढे निघावे. काहीच लिहिलेले नसेल तर गावात विचारावे.

कोरडेपणाचा दुसरा अर्धा वाटा वाऱ्याचा. त्याचे नाव थिएर्थो. उत्तरेकडचे डोंगर आणि दक्षिणेकडची रांग यांच्यामध्ये खोरे नळीसारखे आहे, आणि वायव्येकडून आलेला वारा त्या नळीतून समुद्राकडे सुटतो. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी काटो याने या वाऱ्याची नोंद केली आहे. बोलायला तोंड उघडावे तर हा तोंडात भरतो आणि शस्त्रे घेतलेल्या माणसालाही आडवा करतो, असा तिचा आशय. सामानाने भरलेल्या सायकलवर बसून थिएर्थोच्या तोंडाला निघालेल्या कोणालाही ही अतिशयोक्ती वाटणार नाही. सपाट डांबरी रस्ता, उतारही किंचित आपल्या बाजूचा, आणि तरी सर्वांत हलक्या गिअरवर घाम गाळत तासाला आठ किलोमीटर, हा अनुभव मी घेतला आहे. त्या दिवसापासून या खोऱ्यातला माझा पहिला नियम ठरला: नदी जिकडे जाते तिकडे जावे. वायव्येकडून आग्नेयेकडे. पुस्तकातल्या सगळ्या वाटा त्याच दिशेने लिहिल्या आहेत. त्या उलट्या करता येतात, पण मग त्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. कधीकधी आग्नेयेकडून उलटा, कोंदट, गरम वारा सुटतो. त्याला ‘बोचोर्नो’ म्हणतात. त्या दिवशी आमचा नियम हरला असे समजून झाडाखाली बसावे, झाड सापडले तर.

आता वाटांकडे. पुस्तकाचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भाग एका रेघेवरून जातो. पहिली रेघ कालव्याची, दुसरी मेंढरांची, तिसरी आगगाडीची. यांतली एकही सायकलसाठी ओढलेली नाही. या कोरड्या मुलखात कोणी पाणी आणण्यासाठी, कोणी चारा शोधण्यासाठी, कोणी माल हलवण्यासाठी या रेघा आखल्या. पुढे काळ बदलला, त्यांचे काम कमी झाले किंवा संपले आणि त्या मोकळ्या पडल्या. कोरड्या प्रदेशात मनाला येईल तिकडून जाता येत नाही. ज्यांना इथे जगायचे होते त्यांनी शंभरदा चुकून जी वाट पक्की केली, तीच धरावी लागते. मला या पुस्तकातून जे सांगायचे आहे ते एवढेच.

पहिली रेघ सर्वांत सोपी. तिचे नाव कानाल इम्पेरियाल, म्हणजे आरागॉनचा शाही कालवा. सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या काळात तो सुरू झाला, रखडला आणि दोन शतके तसाच पडून राहिला. मग रामोन पिग्नातेली नावाच्या झारागोझाच्या धर्मगुरूने तो हातात घेतला. 1776 पासून 1790 पर्यंत काम चालले. 1784 मध्ये पाणी झारागोझाला पोचले. कालवा शेतीसाठी तर होताच, पण त्यातून होड्याही चालत. होडी ओढणाऱ्या जनावरांसाठी काठाने सपाट वाट ठेवलेली होती आणि आजच्या सायकलस्वाराला तिचाच फायदा मिळतो. सुमारे शंभर किलोमीटरच्या या टप्प्यात चढ म्हणावा असा चढ नाही, कारण पाण्याला चढता येत नाही. ग्रिसेन गावापाशी कालवा खालोन नदीवरून पूल करून पलीकडे जातो. पाण्याच्या वरून पाणी जाते. तिथे सायकल उभी करून दहा मिनिटे बघत राहावे.

या भागात शब्दांकडेही लक्ष द्यावे. बंधाऱ्याला ‘आसुद’, पाटाला ‘आसेक्या’, पाणी उपसणाऱ्या चाकाला ‘नोरिया’. तिन्ही शब्द अरबीतून आले. आठव्या शतकापासून इथे मुस्लिम राजवट होती आणि पाणी वाटून घेण्याची पद्धत त्या काळात घट्ट झाली. राजे बदलले, धर्म बदलला, पण पाटाचे नाव कोणी बदलले नाही. खाली सास्तागोजवळ नदीकाठी सिस्टर्शियन साधूंचा एक मठ आहे. त्याचे नावच रुएदा, म्हणजे चाक. नदीचे पाणी वर उचलणाऱ्या चाकावरून मठाचे नाव पडले, देवावरून नाही.

दुसरी रेघ कठीण आहे, आणि ज्यांना कोरडे खोरे खरोखर बघायचे आहे त्यांच्यासाठी ती आहे. तुदेलाच्या पूर्वेला बार्देनास रेआलेस नावाचा सुमारे 420 चौरस किलोमीटरचा मुलूख आहे. मातीचे सुळके, भेगाळलेले ओढे, पट्ट्यापट्ट्यांच्या कडा. 2000 साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हा मुलूख कोणत्याच एका गावाचा नाही. आसपासची गावे, पिरेनीजमधली रोंकाल आणि सालाथार ही दोन खोरी आणि ला ओलिव्हा हा मठ, अशा 22 जणांचा त्यावर सामाईक हक्क आहे. दरवर्षी 18 सप्टेंबरला रोंकाल खोऱ्यातले धनगर आपली मेंढरे घेऊन इथे उतरतात. डोंगरात थंडी सुरू होते तेव्हा खाली चारा असतो आणि उन्हाळ्यात खालचे सगळे करपले की कळप पुन्हा वर जातो. ज्या वाटेने ते येतात तिला ‘कान्यादा’ म्हणतात. जुन्या नियमाप्रमाणे ती 75 मीटर रुंद असते. स्पेनच्या 1995 च्या कायद्याने या सगळ्या धनगरवाटांना सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षण दिले आणि पायी, घोड्यावर किंवा इंजिनाशिवायच्या वाहनाने जाणाऱ्यांना मुभा ठेवली. कळपाचा हक्क मात्र पहिला. समोरून मेंढरे आली की सायकलवरून उतरून बाजूला उभे राहायचे आणि कुत्र्यांशी सलगी करायची नाही.

बार्देनासमध्ये सायकल फक्त खुणा केलेल्या मार्गांवरूनच चालवता येते. मधोमध हवाई दलाचा बाँबसरावाचा पट्टा आहे, तिकडे फिरकू नये. आणि पावसाचा अंदाज असेल तर सरळ एक दिवस गावात काढावा. मी काढला नाही. वीस मिनिटांची सर आली आणि रस्ता साबणासारखा झाला. मग ती माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसली की सायकल ढकलतासुद्धा येईना. दोन तासांत तीन किलोमीटर, तेही सायकल खांद्यावर घेऊन. वर्षभर पावसाची वाट बघणाऱ्या मुलखात पावसामुळेच अडकून पडलो, याचे हसू यायला संध्याकाळ व्हावी लागली.

बार्देनास ओलांडून आग्नेयेला गेले की झारागोझाच्या पूर्वेला मोनेग्रोस लागते. इथे कधी काळी सबिना नावाच्या जुनिपरची दाट राने होती आणि ती लांबून काळी दिसत, म्हणून ‘काळे डोंगर’ हे नाव पडले, असे लोक सांगतात. आज गव्हा-जवाची शेते, पडीक माळ आणि मधूनच एखादी म्हातारी सबिना. जुन्या काळी प्रत्येक गावाचे पावसाचे पाणी धरणारे तळे असे. माणसांचे वेगळे, गुरांचे वेगळे. शेजारच्या मोनथोन गावात जन्मलेला होआकिन कोस्ता (1846–1911) याने आयुष्यभर एकच धोशा लावला होता: या देशाला शाळा हव्यात आणि कालवे हवेत. तो गेल्यावर चार वर्षांनी, 1915 मध्ये, उत्तर आरागॉनच्या सिंचनाचा कायदा झाला. पिरेनीजचे पाणी मोनेग्रोसच्या काही भागांत पोचायला आणखी काही दशके लागली. त्यामुळे आज एकाच दिवसात मक्याचे गर्द शेत आणि बोडका जिप्समचा माळ दोन्ही दिसतात. ती पहिली रेघ इथे पुन्हा भेटते, फक्त नवी.

या माळावर दुसऱ्याही रेघा आहेत. आल्कुबिएरेच्या डोंगरावर स्पेनच्या यादवी युद्धातले खंदक दुरुस्त करून ठेवले आहेत. 1937 च्या सुरुवातीला लेखक जॉर्ज ऑरवेल या भागात आघाडीवर होता. पुढे वेस्काजवळ त्याच्या गळ्यात गोळी लागली, तो वाचला आणि 1938 मध्ये त्याचे ‘होमेज टू कॅटलोनिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नदीच्या दक्षिणेला, चित्रकार गोयाच्या जन्मगावापासून, फुएन्देतोदोसपासून, फार लांब नाही असे बेल्चिते आहे. 1937 च्या उन्हाळ्याअखेर तिथे घरोघर लढाई झाली. हुकूमशहा फ्रँकोने ते गाव तसेच पडके ठेवले आणि शेजारी नवे वसवले. जुन्या गावाच्या चर्चला छप्पर नाही. तिथे सायकलवरून चक्कर मारण्याची इच्छा होत नाही, माणूस आपोआप उतरून चालायला लागतो.

तिसरी रेघ आगगाडीची, आणि ती मराठी वाचकाला अनपेक्षित ठिकाणी घेऊन जाते. आल्कान्यिथमार्गे तोर्तोसाकडे, म्हणजे खोऱ्यातून समुद्राकडे, एक लोहमार्ग टाकायचे ठरले. ‘वाल दे थाफान’ हे त्याचे नाव. ‘वाल’ म्हणजे गाळाने भरलेली, सपाट तळाची कोरडी दरी. पाणी एरवी नसते, पण ओल टिकते म्हणून तिच्यात शेती होते. 1895 मध्ये पहिला तुकडा आल्कान्यिथपर्यंत आला आणि काम थांबले. यादवी युद्धात सैन्याला मार्गाची गरज पडली तेव्हा युद्धकैद्यांना राबवून तो पुढे रेटला. 1942 मध्ये गाडी तोर्तोसाला पोचली आणि 1973 मध्ये एक बोगदा ढासळला म्हणून कायमची बंद झाली. एवढ्या खटाटोपाला आयुष्य मिळाले ते 31 वर्षांचे. 1993 पासून स्पेनने असे बंद लोहमार्ग ‘विया वेर्दे’ म्हणजे हिरव्या वाटा म्हणून खुले करायला घेतले. आज अशा वाटा 3000 किलोमीटरच्या वर आहेत आणि वाल दे थाफान त्यांतली अतिशय देखणी. बोगदे, उंच पूल, मग नदीचा काठ. वाल्देआल्गोर्फाचा बोगदा दोन किलोमीटरहून लांब आणि नाकासमोर सरळ आहे. विषुवदिनाच्या सुमारास उगवता सूर्य त्याच्या आरपार दिसतो. इतर दिवशी दिवा लागतो. दिवा न घेता आत शिरू नये.

हीच वाट गांदेसाच्या परिसरातून जाते. 1938 च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये एब्रोची लढाई इथे झाली. कोर्बेराच्या जुन्या गावाचे अवशेष टेकडीवर आहेत. लढाईच्या आधी, त्याच वर्षीच्या वसंतात, या भागात पकडल्या गेलेल्या परदेशी स्वयंसेवकांत ‘जॉन स्मिथ’ नावाचा एक जण होता. त्याचे खरे नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपूरचे बाळाजी हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह. लंडनला शिकायला गेले, तिथे विचार पालटले आणि नाव बदलून ते आंतरराष्ट्रीय तुकडीत दाखल झाले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या मठात केलेल्या छावणीत त्यांना कैदेत ठेवले आणि सुटका झाल्यावर ते नागपूरला परतले. गांदेसाच्या परिसरातून पुढे जाताना मला दर वेळी वाटते, की विदर्भाच्या उन्हात वाढलेल्या त्या माणसाला हा माळ फारसा परका वाटला नसावा.

वाटेचा शेवट नदीपाशी होतो, पण तिथली नदीही जुनी राहिलेली नाही. वरच्या अंगाला मेकिनेन्था आणि रिबारोखा ही धरणे 1960 च्या दशकात झाली. जुने मेकिनेन्था गाव गेले. फायोनही गेले, त्याच्या चर्चचा मनोरा अजून पाण्याबाहेर उभा आहे. माळावर ज्यांच्या दारात पाणी नव्हते त्यांना कालव्याने पाणी मिळाले आणि इथे ज्यांचे दारच पाण्याकाठी होते त्यांचे घर पाण्याखाली गेले. कोणत्या हिशेबाने हे ठरते, याचे उत्तर या पुस्तकात नाही. मनोरा दिसेल त्या वळणावर थांबावे, एवढेच लिहिले आहे.

आता थोडे कामाचे. जाण्याचे दिवस मार्चअखेर ते मे, किंवा सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 च्या वर जातो आणि माळावर सावली विकतही मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत खोऱ्यात दिवसदिवस धुके बसते. घड्याळावर विसंबू नये. ग्रीनिचची शून्य रेखा या प्रदेशातूनच जाते, पण स्पेनचे घड्याळ मध्य युरोपाचे आहे. त्यामुळे उन्हाळी वेळेत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास, आणि उन्हाचा खरा तडाखा बसतो चार ते सहा. बारा वाजले म्हणजे निम्मे ऊन सरले, असा आपला हिशेब केला तर फसगत ठरलेली. पहाटे निघावे, दोनच्या आत गावात शिरावे. दुकाने पाचपर्यंत बंद असतात, तेव्हा आपणही बंद राहावे.

दिवस किलोमीटरवर मोजू नये, पाण्यावर मोजावा. मोनेग्रोसमध्ये दोन गावांत वीस-पंचवीस किलोमीटर सहज असतात. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या वर आधी पाण्याच्या जागा दिल्या आहेत आणि मग अंतर. टायरचे म्हणाल तर आपला सराटा तिथेही आहे, ‘आब्रोखो’ या नावाने. काटे तेच, पंक्चरही तेच. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरून न्यावे आणि तरी दोन ट्यूब जवळ ठेवाव्यात. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. खाण्यात बटाट्याचे ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, कुठेही मिळते. ‘मिगास’ हे शिळ्या पावाच्या चुऱ्याचे धनगरी खाणे दिसायला साधे, पण त्यात बहुधा डुकराची चरबी असते. चालत नसेल त्यांनी आधी विचारावे.

शेवटी एक गोष्ट, जिच्यावरून मला हे पुस्तक लिहावेसे वाटले. पिग्नातेली कालवा बांधत होता तेव्हा झारागोझातले पुष्कळ लोक त्याला हसत. शहरापर्यंत पाणी येणे शक्यच नाही, म्हणत. पाणी आल्यावर त्याने 1786 मध्ये कालव्याजवळ दगडी कारंजे उभारले. त्याचे नाव ‘शंकेखोरांचे कारंजे’. त्यावरच्या लॅटिन लेखात उभारण्याची दोन कारणे दिली आहेत: शंका घेणाऱ्यांची खात्री पटावी आणि वाटसरूंची सोय व्हावी. पहिले काम पिग्नातेलीने केव्हाच करून ठेवले आहे. या पुस्तकाला दुसरे जमले, एखाद्या तापल्या दुपारी एखाद्याची बाटली वेळेवर भरली गेली, तरी पुरे.